पोर्तोत संध्याकाळी पायी फिरत वाईन चाखायची आहे : मार्ग, क्रम आणि शाकाहारी खाणं

रानजाई

ऑक्टोबरच्या मध्यात पोर्तुगालला जाणं आहे. पोर्तोत दोन रात्री मुक्काम. त्यातली एक संध्याकाळ जुन्या शहरातून चालत, वाटेत तीन-चार ठिकाणी थांबून वाईन चाखत घालवायची असं ठरलंय.

आम्ही चौघं. दोघं पिणारे, पण बेताचे. तिसरी शाकाहारी (अंडं, दूध चालतं, मासे-मांस अजिबात नाही), वाईन थोडीशी घेते. चौथ्या सासूबाई, वय ६८, वाईन घेत नाहीत. सपाटीवर किंवा हलक्या उतारावर दोन-तीन किलोमीटर आरामात चालतात, पण पायऱ्या चढणं शक्य नाही.

विचारायचं ते असं. सुरुवात पोर्तोच्या बाजूने करावी की नदीपलीकडच्या गायाच्या बाजूने? कोणती वाईन आधी, कोणती नंतर? एका संध्याकाळी किती पेले झेपतात? आणि तिसरीने खायचं काय? गटासोबतच्या सहली बऱ्याच दिसतात, पण सासूबाईंच्या चालीने चालायचं म्हणून आपलं आपणच आखावं असं वाटतंय.

---

उतारवाट

रानजाई, तुमचा मार्ग दोन गोष्टींवरून ठरतो : गुडघे आणि सूर्यास्त. दोन्हींचं उत्तर एकच येतं, गायातून सुरुवात करा.

पोर्तो दोरू नदीच्या उत्तर काठावर आहे. पोर्ट नावाच्या गोड, कडक वाईनची जुनी कोठारं मात्र समोरच्या दक्षिण काठावर, विला नोव्हा द गायामध्ये. इंग्रजीत त्यांना लॉज म्हणतात, पण आपल्याकडच्या राहायच्या लॉजशी त्याचा संबंध नाही. पोर्तुगीज ‘लोजा’वरून आलेला तो शब्द आहे. पाट्यांवर बहुतेक ‘कावश’ लिहिलेलं दिसेल. यांतल्या बऱ्याच ठिकाणी कोठार दाखवणारी शेवटची फेरी संध्याकाळी पाच ते सहाच्या सुमारास सुटते. म्हणजे आधी पोर्तोत भटकून रात्री आठला पलीकडे गेलात तर दारं बंद. दुसरं म्हणजे, गायाच्या टेकडीवरून पुलाच्या वरच्या मजल्याने पोर्तोत आलं की पुढची बहुतेक वाट उताराची. उलट दिशेने हाच मार्ग धरला तर रिबैरा या पोर्तोच्या नदीकाठच्या जुन्या भागापासून वर चढावं लागतं, आणि तिथल्या गल्ल्या म्हणजे ग्रॅनाइटच्या पायऱ्यांचे जिने आहेत.

ऑक्टोबरच्या मध्यात पोर्तोत सूर्य सातच्या किंचित आधी मावळतो. त्यावरून मागे मोजत या.

सव्वाचारला टॅक्सीने थेट गायाच्या नदीकाठी. साडेचारची इंग्रजी फेरी आधी आरक्षित करून ठेवा. आयत्या वेळी गेलात तर जागा फक्त पोर्तुगीज किंवा फ्रेंच फेरीत उरलेली असते. काठालगतचीच कोठारं निवडा : कालें, सँडमन, फरेरा, रामुश पिंतु. टेलर्स आणि ग्रॅहम्स उत्तम आहेत, पण दोन्ही चढावर, सासूबाईंसाठी नकोत. आतली जमीन अंधारी, गार आणि कुठे कुठे ओबडधोबड असते, म्हणून एक शाल हाताशी ठेवा. फेरी आणि चाखणं मिळून सव्वा तास धरा.

सहाच्या आसपास काठावरूनच निघणारी केबलकार (तेलेफेरिकु) घेऊन वर जार्दिं दु मोर्रु बागेपाशी या. पाच मिनिटांचा प्रवास. तिची बंद व्हायची वेळ हंगामाप्रमाणे सहा ते आठ अशी बदलते, त्या आठवड्याची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा. बंद असेल तर पुन्हा टॅक्सी. तो चढ पायी चढू नका. बागेत हिरवळीवर बसून सूर्यास्त बघायला गर्दी जमते. बाकं थोडी आहेत, म्हणून सव्वासहापर्यंत पोचा.

मग राजा लुईश पहिल्याच्या नावाचा पूल. १८८६ मध्ये खुला झाला, आराखडा तेओफिल सेरिगचा. तो आधी आयफेलचा भागीदार होता, म्हणून बरेच जण चुकून हा पूल आयफेलच्या नावावर खपवतात. कमानीचा गाळा १७२ मीटर. वरचा मजला नदीपासून सुमारे ४५ मीटर उंचीवर, त्यावरून मेट्रो आणि पादचारी जातात. रुळ आणि पदपथ यांच्यात कठडा नाही, हे लक्षात ठेवा. गाडी हळू येते, घंटा वाजवते, पण फोटो काढताना मागे सरकत रुळावर जाण्याची चूक लोक हमखास करतात. गायाकडून येताना डाव्या हाताचा पदपथ धरा. तो पश्चिमेचा, मावळतीचा उजेड त्या बाजूला. वारा जोरात असतो, टोपी हातात घ्या. उंचीची भीती असेल तर मेट्रोने एकच स्थानक : जार्दिं दु मोर्रु ते साँव बेंतु.

पूल संपला की ‘से’ म्हणजे मुख्य चर्च जवळच. त्याच्या पुढच्या फरसबंद चौकातून खालची कौलं आणि नदी दिसते. तिथून तीनशे मीटर उतरलं की साँव बेंतु रेल्वे स्थानक. आतल्या दालनात जॉर्ज कोलासूने रंगवलेल्या सुमारे २०,००० फरशा आहेत. राजा पहिला जुआँव आणि लँकेस्टरची फिलिपा यांचा १३८७ मधला नगरप्रवेश एका मोठ्या चित्रात आहे. वाईनसाठी चालणाऱ्यांनी खालची छोटी चित्रंही शोधावीत. द्राक्षांच्या तोडणीपासून दोरूवरून वाईन आणण्यापर्यंतचं काम त्यांत आहे. सासूबाईंना हे दालन आवडेल, आणि बघायला तिकीट लागत नाही.

पुढे रुआ दश फ्लोरेश, पादचाऱ्यांचीच गल्ली, हलका उतार. ती लार्गो द साँव दोमिंगुश चौकात उतरते. पहिले दोन थांबे या पट्ट्यात करा. तिथून रुआ द साँव जुआँव सरळ खाली रिबैराच्या चौकात जाते. तिच्या कोपऱ्यावर इंग्रज वाईन-व्यापाऱ्यांची १७९० मध्ये पुरी झालेली ग्रॅनाइटची पेढी, फेइतोरिया इंग्लेझा. बाहेरूनच बघायची.

बागेपासून रिबैरापर्यंत चालणं एकूण साधारण दोन किलोमीटर. परतीला रिबैरातून टॅक्सी, कारण केबलकार आता गायाच्या बाजूला राहिली. पाऊस ऑक्टोबरमध्ये सर्रास येतो आणि झिजलेला ग्रॅनाइट ओला झाला की तेलकट फरशीसारखा निसरडा होतो. रबरी तळव्याचे बूट सगळ्यांनाच हवेत.

---

द्राक्षमळा

मार्ग छान दिलाय. क्रमाबद्दल मात्र एक अडचण मांडतो, कारण या मार्गात सगळ्यांत गोड वाईन सगळ्यांत आधी येते.

पोर्ट गोड का, हे कळलं की क्रमही कळतो. द्राक्षं तुडवून रस आंबायला लागला की दोन-तीन दिवसांत, निम्मी साखर अजून शिल्लक असतानाच, त्यात ७७ टक्के मद्यार्काची द्राक्षाची दारू मिसळतात. प्रमाण साधारण चार भाग रसाला एक भाग. यीस्ट तिथेच मरतं, साखर उरते. म्हणून तयार पोर्ट १९ ते २२ टक्के, आणि लिटरमागे साधारण १०० ग्रॅम साखर. ही जिभेवर बसल्यावर लगेच कोरडी, म्हणजे गोड नसलेली, पांढरी वाईन प्यायलात तर ती पाण्यात लिंबू पिळल्यासारखी लागते. दोष वाईनचा नसतो, क्रमाचा असतो.

कोठारात तीन-चार छोट्या पेल्यांचा संच मिळतो. त्यात निवड असेल तर कोरडी पांढरी पोर्ट आणि १० वर्षांची टॉनी (लहान पिंपांत मुरलेली पोर्ट) घ्या, रुबी (गडद लाल, कमी मुरलेली) आणि एलबीव्ही (‘लेट बॉटल्ड व्हिंटेज’, एकाच सालाची, उशिरा बाटलीत भरलेली) सोडा. मग सूर्यास्त आणि पूल मिळून दीड तास जातो, मध्ये पाणी आणि ब्रेडचा तुकडा, तोवर जीभ मोकळी होते. पोर्तोच्या बाजूला नव्याने सुरुवात करा : पहिल्या थांब्यावर विन्यु व्हेर्द, दुसऱ्यावर दोरूची कोरडी लाल, आणि शेवटी, खाणं झाल्यावर, २० वर्षांची टॉनी.

विन्यु व्हेर्दमधल्या ‘व्हेर्द’चा शब्दार्थ हिरवी, पण रंग हिरवा नसतो, वायव्य पोर्तुगालमधल्या त्या पट्ट्याचं हे नाव. साधी असेल तर ९ ते ११ टक्के, जिभेला किंचित चुरचुरते. आल्व्हारिन्यु जातीच्या द्राक्षाची मागा, ती जास्त भरीव असते. दोरूची लाल बहुधा तूरीगा नासिओनाल, तूरीगा फ्रांका, तिंता रोरिश या पोर्टच्याच द्राक्षांची, फक्त साखर पूर्ण आंबवलेली. म्हणून ती पोर्टच्या शेजारी चाखण्यात मजा आहे, एकाच द्राक्षाची दोन रूपं कळतात.

टॉनी आणि रुबी यांतला फरक पिंपाचा. रुबी मोठ्या टाक्यांत थोडी वर्षं राहते, हवा कमी लागते, रंग जांभळट लाल टिकतो. टॉनी लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं असते, लाकडातून हवा झिरपत राहते, रंग विटकरी, मग पिंगट होतो आणि वास अक्रोड, अंजीर, जळक्या साखरेकडे जातो. पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून कड बघा. १० वर्षांच्या टॉनीची कड नारिंगी, २० वर्षांची जवळजवळ मधाच्या रंगाची. बाटलीवरचं ‘२०’ म्हणजे प्रत्येक थेंब वीस वर्षांचा असा अर्थ नाही. वेगवेगळ्या सालांच्या वाईन मिसळून त्या वयाची चव साधतात आणि पोर्ट वाईनच्या सरकारी संस्थेचं चाखणी मंडळ ती मान्य करतं. एकाच सालाची टॉनी हवी तर ‘कुल्येता’ विचारा. ती किमान सात वर्षं लाकडात असते.

आपण ज्याला पिंप म्हणतो तो शब्द पोर्तुगीज ‘पिपा’वरूनच आलाय. पोर्टच्या धंद्यात आजही मोजमाप पिपातच, एक पिपा म्हणजे ५५० लिटर. कोठारात माहिती देणारे हा शब्द सारखा उच्चारतील.

बारमध्ये हमखास बिघडतं ते असं. रुबी किंवा एलबीव्ही उघडून आठवडाभराहून जास्त काळ फळीवर राहिलेली असते. फळाचा वास गेलेला, नुसता मद्यार्क नाकात जातो. टॉनी आधीच हवा खाऊन तयार झालेली असल्यामुळे उघडल्यावरही काही आठवडे टिकते. म्हणून अनोळखी ठिकाणी पेल्याने घ्यायची तर टॉनी घ्या. एलबीव्हीच हवी असेल तर विचारा, ‘क्वांदु फोइ अबेर्ता?’, कधी उघडली? विचारण्यात काही वावगं नाही. टॉनी किंचित गार, १२ ते १६ अंशांवर द्यायला हवी. कोमट मिळाली तर दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवून मागा. आणि बोटाएवढ्या लिकरच्या पेल्यात आणली तर वाईनचा मोठा पेला मागून घ्या. वास साठायला वर मोकळी जागा लागते, दोन बोटं वाईन आणि बाकी रिकामं.

आता प्रमाण. ५० मिली पोर्ट म्हणजे साधारण ८ ग्रॅम शुद्ध मद्यार्क, १०० मिली दोरू लाल म्हणजे ११ ग्रॅमच्या आसपास. शरीर तासाला ७ ते १० ग्रॅम निपटवतं. कोठारात तीन पेले (२४ ग्रॅम) आणि नंतर लाल वाईनचे दोन (२२ ग्रॅम) धरले तर एकूण ४६ ग्रॅम, पाच तासांत पसरलेले. बेताच्या माणसाला इथेच थांबायचं. विन्यु व्हेर्द आणि शेवटची टॉनी हवीच असेल तर तेवढं आधी कमी करा : कोठारातला एक संच दोघांत वाटून घ्या, लाल एकच पेला. चाखून थुंकायला पिकदाणी असते, मागितली की देतात, तिथे ते सभ्यपणाचंच मानतात. पेल्यामागे पेलाभर पाणी. कोणाला मधुमेह असेल तर ५० मिलीत ५ ग्रॅम साखर आहे हे धरून चाला.

---

मीठभाकर

तिसरीच्या खाण्याबद्दल लिहिते, कारण पोर्तो हे शाकाहाऱ्याला गाफील ठेवून चालणारं शहर नाही.

‘काल्दु व्हेर्द’ हे बटाटा आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचं सूप सगळीकडे मिळतं आणि शाकाहारी दिसतं. त्यात वरून डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती टाकतात, आणि ती बाजूला काढून उपयोग नसतो, कारण बऱ्याचदा सॉसेज सूपातच शिजलेलं असतं. ‘सें शोरीसु’ (सॉसेज नको) एवढं सांगणं म्हणूनच पुरत नाही. ‘सें कार्न, सें पेइश, सें काल्दु द कार्न’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, मांसाचं पाणीही नको, असं तिन्ही सांगा. ‘बोलिन्युश द बाकाल्याउ’ बटाटेवड्यासारखे दिसतात, पण आत खारवलेला कॉड मासा असतो. फ्रान्सेझिन्या तर थेट मांसाचा थर लावलेलं सँडविच, सॉससकट वर्ज्य.

मेन्यू वाचायला आपलीच भाषा मदतीला येते. बटाटा, पाव, कोबी, अननस, काजू हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडूनच आलेत. मेन्यूवर बताता, पाँव, कोव्ह, अनानाश, काजु दिसले की ओळखायला अवघड नाही. तिथल्या सूपातला ‘कोव्ह’ मात्र आपला गड्डा कोबी नव्हे, मोकळ्या पानांची जात.

वाईनबरोबर निवांत चालेल असं : ऑलिव्ह, ‘त्रेमोसुश’ (मिठाच्या पाण्यातले पिवळे दाणे, साल दाताने सोडवून आतला दाणा खायचा), भाजलेले बदाम, मक्याचा जाड ब्रेड ‘ब्रोआ’, आणि चीज. चीजमध्ये एक गोष्ट नीट पाहा. बरीच चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेली असतात, ती कडक शाकाहाऱ्याला चालत नाहीत. ‘केजु सेर्रा दा इश्त्रेला’ मेंढीच्या दुधाचं असतं आणि एका काटेरी झाडाच्या वाळलेल्या फुलांनी विरजतात, ‘आझैतांव’चंही तसंच. तिच्यासाठी हीच दोन. सेर्रा पिकलेलं असेल तर आतून साजूक तुपासारखं सैल असतं. वरची साल चाकूने गोल कापून झाकणासारखी उचलतात आणि आतलं चमच्याने पावावर घेतात. टॉनीबरोबर त्याला तोड नाही.

बसताक्षणी टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतील. ते ‘कोव्हेर्त’, फुकट नाही. खाल्लंत तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा. यावरून बिलावेळी वाद होतात, ते टाळता येतात.

सासूबाईंसाठी ‘सुमु द ऊव्हा’, द्राक्षाचा रस. बऱ्याच कोठारांत न पिणाऱ्यांना तो देतात. आरक्षण करतानाच सांगून ठेवा, म्हणजे चाखण्याचे पैसे त्यांच्या नावावर लागणार नाहीत.

---

रानजाई

तिघांचेही मनापासून आभार, केवढा तपशील मिळाला. अजून दोन शंका. एक बाटली घरी आणायची आहे, कोणती आणि कशी? आणि गटाची सहल घ्यायचीच झाली तर तिच्यात काय बघून घ्यावं?

---

मांडवीकाठ

बाटलीबद्दल. गोव्यात दुकानांत ‘पोर्ट वाईन’ म्हणून मिळते ती बहुधा गोड लाल वाईन, लाकडात न मुरवलेली. ती चव मनात धरून पोर्तोत बाटली निवडू नका, दोन वेगळे पदार्थ आहेत.

घरी थोडी थोडी, महिनाभर पुरवून प्यायची असेल तर १० वर्षांची टॉनी. तिचं बूच वरून प्लास्टिकची टोपी असलेलं, हाताने काढता-लावता येणारं असतं. उघडल्यावर फ्रिजमध्ये उभी ठेवा. ‘विंटेज’ दुकानदार आग्रहाने दाखवतील. ती दोन-तीन वर्षांतच बाटलीत भरतात आणि पुढचं मुरणं बाटलीतच होतं, तळाला गाळ साठतो. प्यायच्या आदल्या दिवशी उभी ठेवून, हलकेच गाळून, एक-दोन दिवसांत संपवावी लागते. आणि ती वर्षानुवर्षं आडवी, गारव्यात ठेवायला हवी. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात बंद कपाटात ती टिकणार नाही. चौघांत एका बैठकीत संपणार असेल तरच घ्या.

पोर्ट २४ टक्क्यांच्या खाली असल्यामुळे चेक-इन सामानात विमान सुरक्षेची लिटरची अट तिला लागत नाही. पण भारतात उतरताना माणशी २ लिटर मद्य शुल्कमाफ, ती मर्यादा आहेच. केबिनमध्ये १०० मिलीचा नियम, त्यामुळे शहरात घेतलेली बाटली केबिनमध्ये नेता येणार नाही. बॅगेच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी कपडे, बाटलीला दोन प्लास्टिक पिशव्या आणि बुचाभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे. टॉनीचं ते हाताचं बूच दाबाने वर सरकतं, गळती तिथूनच होते.

---

उतारवाट

गटाच्या सहलीबद्दल : थांबे किती हे सगळेच सांगतात. तुम्ही पेले किती, प्रत्येकात किती मिली, खाणं धरलंय का, आणि मार्ग चढाचा की उताराचा, हे चार प्रश्न लेखी विचारा. ‘खाणं समाविष्ट’ म्हणजे बऱ्याचदा हॅम आणि सॉसेजची थाळी. शाकाहारी थाळी आधी सांगूनच मिळते. दहा-बारांहून मोठा गट असेल तर छोट्या बारमध्ये उभं राहून प्यावं लागतं, सासूबाईंना ते नको.

रिबैराला पोचल्यावर एक जागा चुकवू नका. नदीकाठच्या भिंतीवर, पुलाच्या अलीकडे, काशाचं एक उठावचित्र आहे, ‘अल्मिन्याश दा पोंत’. २९ मार्च १८०९ ला फ्रेंच फौज शहरात घुसली तेव्हा लोक होड्यांच्या पुलावरून गायाकडे पळू लागले, पूल तुटला आणि असंख्य माणसं नदीत गेली. त्या जागी लोक आजही मेणबत्त्या लावतात. संध्याकाळी तिथली ज्योत दुरून दिसते.

शेवटचा पेला नदीकाठच्या टेबलांवर घेऊ नका, दर चढे आणि पेल्यापेक्षा देखाव्याचेच पैसे. साँव दोमिंगुश चौकातच टॉनी संपवा, आणि रिकाम्या हाताने खाली उतरा.

आणि एक, तारीख पुढे सरकली तर जपून. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ एक तास मागे जातं. त्यानंतर सूर्य साडेपाचच्या आसपासच मावळतो, मग कोठाराची फेरी साडेचारऐवजी तीनची घ्या.